यशोधरपूरचा पाटकरी

"हे दगड कुठून आणलेस?" कंदेंगने विचारलं.

गाडीवानाने बैलाच्या मानेवरची माशी हाकलली. "आरोग्यशाळा पाडतायत ना, तिथून. म्रतानांचा हुकूम आहे. तलावाचं पाणी सोडायची तुझी ती मोरी बुजवायचीय."

"आणि तिथले रोगी?"

"कसले रोगी, म्हातारबा! राजवाड्यातून तांदूळ यायचा थांबला तशी वैद्याने धूम ठोकली. आता वटवाघळं येतात औषधाला."

गाडीवान स्वतःच्याच बोलण्यावर खो खो हसला. एका दगडावर देवाचे नुसते ओठ आणि हनुवटी उरली होती, वरचा चेहरा दुसऱ्या दगडाबरोबर गेला होता. कंदेंगची बायको त्या आरोग्यशाळेत तेवीस वर्षं काढ्याचं पाणी तापवायची. तिथंच ती गेली. त्याने बाजूला जाऊन थुंकून टाकलं, तरी तोंड कडूच राहिलं.

कंदेंग राजधानीच्या, यशोधरपूरच्या, पूर्वेकडच्या मोठ्या तलावाचा पाटकरी. पाणी कधी सोडायचं, कुठल्या शेताला किती द्यायचं, हे त्याच्या घराण्याचं काम. आजा शेजारच्या चंपा राज्याशी झालेल्या लढाईत धरून आणलेला कैदी. तेव्हा राज्य नुसतं फोफावत होतं. नवे मुलूख, नवे हत्ती, नवी देवळं, आणि तेवढ्या तोंडांना भात हवा म्हणून नवे पाट. आज्याने पाट खणला, बापाने तो राखला आणि त्या कामावर गुलामीतून सुटला. बापाच्या वेळी दर उन्हाळ्यात चाळीस गावांतली माणसं गाळ उपसायला यायची. म्रतान, म्हणजे राजाचा अधिकारी, स्वतः गुडघाभर चिखलात उतरून काठीने खोली बघायचा. कंदेंगने लहानपणी ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

आता नऊ वर्षं गाळाला हात लागला नव्हता. माणसं श्याम देशाच्या सीमेवर लढायला नेत, नाहीतर देवळात छिन्नी देऊन बसवत. एका राजाने बुद्ध कोरवून घेतले, पुढच्याने ते छिलून शिवलिंगं करवली. इकडे पाटात लव्हाळे माजले, त्यात म्हशी मरून पडल्या, आणि त्याच पाण्यावर खालची तीन गावं जगत होती.

दुपारी म्रतान क्षितींद्रपंडित आला. पालखीतून उतरलाच नाही. डोक्यावर चांदीच्या दांड्याच्या दोन छत्र्या, नाकाला चंदनाचं फडकं.

"शी! काय घाण मारतंय इथं!"

"गाळ कुजतोय, स्वामी. नऊ वर्षांचा आहे."

"तुझं गाळपुराण पुरे. नौकोत्सवात राजाच्या होड्या काठोकाठ पाण्यावर तरंगायला हव्यात. तोवर मोरीतून थेंब सुटता कामा नये."

"उत्तरेच्या कोपऱ्यात बांध पाझरतोय. वरून पाऊस लागला तर फुटेल. खाली माणसं आहेत."

"उद्या राजपुरोहित येतायत. त्यांना सांगायचं, बांध धड आहे. तुझ्या घराण्याच्या शब्दाला मान आहे म्हणून सांगतोय. नाहीतर..." म्रतानाने कंदेंगच्या पायाच्या बोटांकडे पाहिलं. बोटं छाटलेली माणसं नगराच्या वेशीबाहेर कंदेंग रोज पाहत होता. त्यांना आत यायची मनाई असे.

दुसऱ्या दिवशी पुरोहिताने विचारलं आणि कंदेंग म्हणाला, "बांध आतून कुजलाय, स्वामी."

पुरोहित पान चघळत होता. त्याने आधी म्रतानाकडे पाहिलं, मग लाल पिचकारी टाकली, नेमकी पाटात. "वय झालं की माणसाला भास होतात," तो म्हणाला.

सणाच्या तोंडावर रक्त नको म्हणून बोटं वाचली. काम मात्र गेलं. मोरीवर म्रतानाचा मेव्हणा प्नोस बसला. त्याला मोरीचं तोंड कुठल्या बाजूला हेसुद्धा विचारावं लागलं.

नौकोत्सव थाटात झाला. सोनेरी होड्या तरंगल्या, शंख वाजले, लोक घसा फाटेपर्यंत ओरडले. बांधावर गुळाचा भात वाटत होते. भूक लागली होती म्हणून कंदेंगनेही पान पुढे केलं. घास गिळताना त्याला स्वतःचीच किळस आली, पण त्याने सगळा खाल्ला.

मग पाऊस लागला. तिसऱ्या दिवशी कंदेंग मोरीवर गेला. प्नोस केव्हाच घरी पळाला होता. मोरी उघडावी म्हटलं, तर आत ठासलेले दगड एकट्याला हलेनात. तो तसाच खालच्या गावी मुलीकडे धावला. त्वानचा नवरा लढाईवर गेलेला परतला नव्हता. ती एकटीच रोपं लावत होती.

"त्वान, लोकांना घेऊन देवळाच्या टेकाडावर चढ. आत्ताच्या आत्ता."

गावकरी जमले. एकजण म्हणाला, "काम गेलं म्हणून म्हाताऱ्याच्या पोटात दुखतंय."

त्वानने चिखलाचे हात कमरेवर ठेवले. "माझ्या बापाला खोटं बोलता आलं असतं तर तो आज मोरीवर बसला असता, तुझ्या दारात भिजत उभा नसता. चढ वर!"

गाव चढलं. पलीकडच्या दोन गावांनाही कंदेंगने सांगून पाहिलं. त्यांनी हसून दारं लावली.

पहाटे बांध फुटला. त्या दोन गावांतली एकेचाळीस माणसं गेली. पाणी ओसरल्यावर कंदेंग आणि त्वान त्यांना चिखलातून ओढून काढत होते. तलावाच्या जागी चिखलाचं माळरान, त्यात तडफडून मेलेले मासे, वर घारी. ती दुर्गंधी नगराच्या वेशीपर्यंत गेली.

महिन्याने म्रतान आला. बरोबर पाथरवट होता. बांधाच्या भगदाडापाशी शिलालेख उभा राहिला. त्यात कोरलं होतं, की प्रजेची शेतं तहानलेली पाहून करुणामय राजाने तलावाचं सगळं पाणी त्यांना दान केलं.

पाथरवटाने ते कंदेंगला वाचून दाखवलं.

"प्नोसला हवा मानवत नाही," म्रतान फडक्याआडून म्हणाला. "तू परत मोरी सांभाळ."

"तलावात पाणी कुठंय?"

"म्हणून काय झालं? पद रिकामं ठेवता येत नाही."

"मग राहू दे तुमच्याच घरात," कंदेंग म्हणाला. म्रतानाकडे पाठ करून तो चालू लागला.

तेव्हा बरीच कुटुंबं दक्षिणेला, मोठ्या नदीकडे निघाली होती. त्वानने भांडी बांधली, भाताचं बियाणं कमरेला खोचलं. कंदेंगने काहीच घेतलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते एका अनोळखी गावाच्या शिवारातून जात होते. त्वानने मागे पाहिलं तर बाप दिसेना. ती परत फिरली.

तो कुणाच्यातरी शेताच्या बांधापाशी उकिडवा बसला होता. तिथून बोटभर धार गळत होती. ओंजळीने चिखल घेऊन त्याने ती बुजवली, तळव्याने थापली, आणि थेंब थांबतोय का ते बघत राहिला.

"कुणाचं शेत आहे, बाबा?"

"काय ठाऊक," तो म्हणाला, आणि आणखी एक ओंजळ घेतली.