भुतांच्या ग्रंथाने पाहिलेला चेहरा

मी एक जुना ग्रंथ आहे. ग्रंथ म्हटल्यावर लगेच हात जोडू नका, मित्रांनो. माझ्यात देव नाहीत, भुतं आहेत. जुन्या काळ्या-पांढऱ्या भयपटांची आणि त्यांत कामं केलेल्या नटनट्यांची माहिती देणारा मी सचित्र ग्रंथ. वजनाला असा, की पायावर पडलो तर खरोखरच किंकाळी फुटावी.

माझा जन्म विलायतेतल्या छापखान्यात झाला. एका गोऱ्या दंतवैद्याने मला सौदी अरेबियात आणलं. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने माझं पान न् पान उलटून पाहिलं. दात विचकणारी पिशाच्चं आणि कबर फोडून निघालेले मुडदे यांना त्याने हात लावला नाही. नायिकांच्या उघड्या गळ्यांवर मात्र काळं मार्कर फिरवलं. त्याला भीती नेमकी कशाची वाटली, ते तोच जाणे. आता ते दिवस गेले. रियाधच्या मॉलमध्ये भुतांचे सिनेमे लागतात आणि बायका पॉपकॉर्न खातखात किंचाळतात.

दंतवैद्य मायदेशी गेला आणि मी रियाधच्या बत्हा बाजारातल्या एका जुनं सामान विकणाऱ्या दुकानात आलो. प्रेशर कुकर आणि इस्त्र्यांच्या मध्ये पडून होतो. तिथून मला श्यामकांतने उचललं. तो आपल्या महाराष्ट्रातला, नुकताच सौदीत आलेला. उत्तरेकडच्या हाइल शहरातल्या एका इस्पितळात, शवागारात त्याला नोकरी लागली होती. हाइलची बस सुटायला अवकाश होता, म्हणून तो बाजारात रेंगाळला होता. दुकानदार त्याला हिंदीत म्हणाला, "भाई, ये मत लो, डरावना है." श्यामकांत म्हणाला, "मी ज्या कामाला चाललोय, त्यापुढे हे बालवाङ्मय आहे."

तेव्हापासून मी त्याचा.

सुरुवातीच्या वर्षांत त्याने माझी जी सेवा केली, तशी कुणी पोथीचीही करत नाही. मला खाकी कागदाचं कव्हर घातलं. जेवताना मी त्याच्या ताटाशेजारी असायचो. माझ्यातला एक नट पडद्यावर मढी उकरायचा आणि घरी गुलाबाची कलमं बांधायचा. दुसऱ्याला लहानपणी कुत्रा चावला होता, म्हणून लांडग्याचं सोंग घेतल्यावर तो आरशात बघायचा नाही. श्यामकांत वाचायचा आणि हसायचा. पण त्याचा सगळ्यात आवडता भाग होता रंगभूषेचा. कापूस, डिंक, मेण आणि रंग यांनी साध्या माणसाचा राक्षस कसा करत, त्याची पायरीपायरीने चित्रं होती.

ती चित्रं तो उलटीकडून शिकला.

मित्रांनो, हाइलच्या बाहेर रस्ता सरळ आणि लांब आहे. संध्याकाळी त्यावर उंट येतात. भरधाव गाडी उंटाच्या पायांना लागली, की उंटाचं धड थेट काचेतून आत येतं. अशा माणसाचं तोंड पाहण्याजोगं उरत नाही. मुसलमान असेल तर बहुतेक वेळा इथल्याच मातीत दफन होतं. हिंदू असेल तर पेटीत घालून घरी पाठवतात, आणि तिकडे अंगणात पेटी उघडून घरची माणसं तोंड पाहतात. तोंड पाहिल्याशिवाय आपल्याकडे माणूस मेल्यासारखा वाटत नाही. तेव्हा श्यामकांत मेण घेऊन बसायचा. माझ्या पानांत माणसाचं भूत करत होते. तो भुताचा पुन्हा माणूस करायचा.

पुढे त्याचं लग्न झालं. त्याची बायको स्मृती त्याच इस्पितळात नर्स. ती पहिल्याच दिवशी मला बघून म्हणाली, "दिवसभर मढी, घरी आल्यावर भुतं. मी नक्की कुणाशी लग्न केलंय?"

"दोघांच्या मधल्याशी," श्यामकांत म्हणाला.

ती हसली, पण मला देवांच्या फळीवरून काढून बुटांच्या कपाटावर ठेवलं. मुलगी झाली, कीर्ती. ती मोठी होऊन मला चाळायला लागली, तेव्हा मला वाटलं, आता आपले दिवस फिरले. तिने माझा सगळ्यात भयानक राक्षस पाहिला आणि म्हणाली, "बाबा, सो फेक! धिस इज जस्ट कापूस!" एवढं बोलून ती मोबाइलकडे वळली. त्यानंतर काही महिन्यांनी वॉशिंग मशीन थडथडायला लागलं आणि त्याच्या एका पायाखाली मी गेलो. साबणाच्या पाण्याने माझी पानं फुगली. भुतांनाही सर्दी होते, हे मला तिथे कळलं.

गेल्या हिवाळ्यात एके दिवशी श्यामकांतने मशीन तिरकं करून मला बाहेर ओढलं.

"आता कशाला हवंय ते?" स्मृतीने विचारलं.

"गोपीनाथसाठी," तो म्हणाला.

गोपीनाथ पाण्याचा टँकर चालवायचा. मंडणगडकडचा. उंटानेच गेला. त्याचा मित्र अली, शेजारच्याच गावचा कोकणी मुसलमान, रोज शवागाराच्या दारात येऊन बसायचा. कफीलची, म्हणजे नोकरीवर आणणाऱ्या इथल्या मालकाची सही, पोलिसांचा कागद, वकिलातीचा कागद, सगळ्यांमागे तोच धावत होता. श्यामकांतने मला पिशवीत घालून कामावर नेलं, त्या दिवशी मी अलीला पहिल्यांदा पाहिलं. डोळे तांबारलेले, हातात थंड झालेला चहा.

"साहेब, चेहरा झाला पाहिजे," तो म्हणाला.

"बघतो अलीभाई. पण अवघड आहे. पेटी उघडू नका म्हणून घरी सांगून टाका."

"तेच तर चालणार नाही. आमच्याकडे मागं एका घरी पेटी आली. उघडली तर आत दुसऱ्याच मुलखातला माणूस. देवाशप्पथ! तेव्हापासून पेटीवर कुणाचा भरवसा नाही. गोप्याची बायको म्हणते, ते मेलेच नाहीत, कफीलने कुठंतरी डांबून ठेवलंय, तुम्ही सगळे मिळून मला फसवता. तोंड ओळखल्याशिवाय ती अग्नी देऊ देणार नाही. ती जन्मभर वाट बघत बसेल, साहेब. पोरं लहान आहेत."

"फोटो आहे?"

अलीने मोबाइल पुढे केला. गोपीनाथ टँकरला टेकून उभा होता. गोरापान, गाल गुळगुळीत, डोळे चमकदार. "हाच फोटो त्याने घरी पाठवला होता. वयनीने फ्रेम करून लावलाय."

श्यामकांतने मला स्टीलच्या टेबलावर उघडून ठेवलं आणि कामाला लागला. कित्येक दिवस तो थोडा थोडा वेळ काढून ते करत होता. मोडलेलं हाड आतून सावरलं. गाल कापसाने भरला. उजव्या भुवईवर एक जुनाट दिसणारी खाच होती. तो थबकला, फोटो पाहिला. फोटोत तिथे काही नव्हतं. मग काचेनेच कापलं असणार, असं म्हणून त्याने ती मेणाने बुजवली. करपलेल्या कातडीवर फोटोसारखा उजळ रंग चढवला. शेवटी अलीला आत बोलावलं.

अली बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "फोटोतलाच आहे हो." आणि बाहेर जाऊन रडला.

फोटोतलाच. तिथेच सगळं चुकलं होतं, पण ते तेव्हा कुणाला उमगलं नाही. मीही खूश होतो. इतक्या वर्षांनी माझा उपयोग झाला होता.

पेटी गेली. गावात पोचली त्या दिवशी दुपारी अली धावतच शवागारात आला. मोबाइलवर गावाकडचं अंगण दिसत होतं. माणसांची गर्दी, मध्ये उघडी पेटी, आणि पेटीपासून लांब उभी गोपीनाथची बायको, सरिता.

"हे आमचे नाय," ती म्हणत होती. रडत नव्हती. "अलीभाय, ह्या कुणातरी सिनेमातल्या माणसाला पाठवलाव तुमी. आमचे कुठं आहेत ते सांगा."

"वयनी, गोपीच आहे तो. माझ्या डोळ्यांसमोर..."

"मग कपाळावरची खूण कुठं गेली? लहानपणी कोयती लागली होती त्यांना. आजवर कधी गेली नाय, आणि मेल्यावर गेली?"

"फोटोत नव्हती ती," श्यामकांत पुटपुटला.

अलीने कपाळावर हात मारला. "फोटोत कशी असेल, साहेब! माझ्याही तेव्हा ध्यानात आलं नाही. आम्ही सगळे तसेच फोटो पाठवतो. मोबाइलमध्ये असतं ना ते, गोरं करायचं, डाग काढायचे. इथल्या उन्हात आमची काय थोबाडं होतात, ती घरच्यांनी बघितली तर त्यांना घास जाईल का?"

मित्रांनो, माझ्यातल्या नटांना कुरूप करायला माणसं पहाटेपासून राबत. इथे ही पोरं बोटाच्या एका फिरवण्याने देखणी होत होती, आणि तेवढ्यावर घरचे चार घास खात होते.

अंगणातले लोक कुजबुजायला लागले. कुणी म्हणालं, पेटी परत पाठवा. कुणी म्हणालं, बाईला आत न्या आणि उरकून घ्या. श्यामकांतने अलीच्या हातातून मोबाइल घेतला.

"वहिनी, मी इथला शवागारातला माणूस. त्यांचा चेहरा मी केलाय."

"केलाव म्हणजे?"

"तुम्हाला बघवलं नसतं म्हणून मेण लावलं. घरात खोबरेल आहे? कापसावर घ्या आणि उजव्या भुवईच्या वर चोळा. हळू नका करू, त्यांना आता दुखत नाही. पण दुसरीकडे कुठे पुसू नका. माझं ऐका, फक्त तिथेच."

ती हलेना. मग कुणीतरी वाटी आणून तिच्या हातात दिली. ती पेटीशी बसली. आम्हाला फक्त तिची पाठ दिसत होती. कोपर पुढे-मागे होत होतं. इकडे शवागारातलं यंत्र घरघरत होतं.

कोपर थांबलं.

मी पानोपानी किंकाळ्यांची चित्रं वागवत आलोय. तोंडं वासलेली, डोळे फाटलेले. त्यांतल्या एकीचाही आवाज मी कधी ऐकला नव्हता. त्या दिवशी ऐकला. मग तिने आपलं कपाळ त्या खुणेवर टेकवलं आणि म्हणाली, "किती काळवंडलाव हो." तेल ओघळून रंग उतरला होता, त्याच्याखालचा खरा माणूस तिला दिसला होता. "एवढं ऊन होतं तिकडं? कधी बोललाव नाय."

संध्याकाळी अलीला गावाहून निरोप आला, अग्नी दिला. तो श्यामकांतला म्हणाला, "खलास, साहेब." आणि स्वतःच्या बायकोला व्हिडिओ कॉल लावला. तिकडून ती ओरडली, "अगंबाई, हे काय तोंड झालंय तुमचं?" अली म्हणाला, "असंच आहे. बघून घे."

श्यामकांत आता मेण हातात घेण्याआधी घरच्यांना फोन करून विचारतो, खुणा सांगा, तीळ सांगा, वांग सांगा. मी त्याच्या टेबलावर असतो. पानं फुगलेली, पाठ मोडलेली. स्मृतीने मला चिकटपट्टी लावून दिली. लावताना तिने श्यामकांतच्या तोंडाकडे एकदा नीट पाहून घेतलं. त्याने विचारलं, "काय?" ती म्हणाली, "काही नाही. कानाखाली तीळ आहे तुम्हाला."

मित्रांनो, पुस्तकं जपा असं मी म्हणणार होतो, आणि जपलीत तर बरंच होईल. पण त्याआधी एक करा. ज्यांच्यावर तुमचा जीव आहे त्यांची तोंडं उजेडात, जवळून, डागांसकट पाहून ठेवा. आणि तुम्ही दूर असाल, तर तुमचं जसं आहे तसं तोंड घरी पाठवा. ते बघून घरचे रडतील. रडू द्या. तुम्ही जिवंत असताना रडतील.