दहा मिनिटांचा थांबा

ड्रायव्हरने हॉर्न वाजवला आणि लगेच जीभ चावली. तळ्याच्या काठाशी गिऱ्हाईक नव्हतं, त्याची बायको उभी होती.

दक्षिणेतल्या एका शहराभोवतीचा घाटरस्ता तो तीस वर्षं पाहुण्यांना दाखवत आला होता. तळं, धबधबा, शेवटी दरी. दर ठिकाणी दहा मिनिटं, मग हॉर्न. बायकोला आणायचं ‘पुढच्या सीझनला’ म्हणता म्हणता दोघांचे केस पिकले. गेल्या वर्षी तिचा एक डोळा गेला. दुसऱ्याचं ऑपरेशन मंगळवारी होतं आणि डॉक्टरांनी फारशी आशा दाखवली नव्हती. त्याआधी तिने हे सगळं डोळे भरून पाहावं, म्हणून आज त्याने धंदा बंद ठेवला होता.

“सवय गं,” तो ओशाळून म्हणाला.

“असू द्या. जगाला डोंगर दाखवलेत, बायकोला सीटची कव्हरं. धुवायला.”

आज मीच गिऱ्हाईक, म्हणत ती मागेच बसली. दाराची कडी शोधताना तिचा हात दोनदा काचेवर आपटला. दमली असेल, त्याला वाटलं.

धबधब्यापाशी त्याने विचारलं, “कसा आहे?”

“आवाज मोठा आहे हो.”

“आवाजाचं काय घेऊन बसलीस? पाणी बघ.”

“बघतेय की.”

दरीपाशी पोचेपर्यंत आभाळ खाली उतरलं होतं. तिला कठड्याजवळ सोडून तो टपरीवरून चहा घेऊन आला. ती हात एकमेकांत गुंतवून, देवापुढे उभं राहावं तशी उभी होती. तिच्यासमोर टपरीची मागची भिंत होती. गंजका पत्रा आणि टायरची फाटकी जाहिरात.

पावलांची चाहूल लागताच ती म्हणाली, “केवढी खोल आहे, नाही?”

दरी तिच्या पाठीशी होती.

चहा त्याच्या बोटांवर सांडला. त्याने दोन्ही पेले कठड्यावर ठेवले, हात पँटला पुसले.

“इथे वारा लागत नाही,” तो म्हणाला. “जरा अशी वळ.”

खांद्याला धरून त्याने तिला हळूच फिरवलं. गार वारा तोंडावर आला तशी तिने हनुवटी वर केली. मग तिने चाचपून त्याची बाही धरली.

“सांगा आता. गिऱ्हाइकांना सांगता तसं.”

त्याने समोर पाहिलं. धुकं दरीच्या काठापर्यंत गच्च भरलं होतं. पलीकडचा डोंगर नव्हता, काहीच नव्हतं.

घसा खाकरून त्याने अगदी तळाच्या नदीपासून सुरुवात केली.