पाव मिली

डॉक्टरांनी रिपोर्टवरच्या ‘वाढ नाही’ या शब्दांखाली रेघ मारली, पेनाला टोपण लावलं आणि फाइल सिस्टरपुढे सरकवली. अकराचा डोस देऊ नका, बाळाच्या हातातली सुई काढा, दुपारी घरी जाऊ द्या, असं एका दमात सांगून त्या पुढच्या पाळण्याकडे वळल्या. सिस्टरने फाइल उचलली नाही.

फाइल खिडकीजवळच्या पाळण्यातल्या मुलीची होती. जन्माला येऊन अजून दोन दिवसही झाले नव्हते. बाळंतपणाच्या आदल्या दिवशीच आईचं पाणी गेलेलं, अंगात ताप, आणि मुलगी आली ती धापा टाकतच. रक्तात जंतू शिरले असावेत अशा शंकेने लगेच औषध सुरू झालं होतं. शंका खरी की खोटी, ते रक्तावरून ठरायचं. एक तपासणी सीआरपीची. जंतूंशी झुंज सुरू झाली की हा आकडा रक्तात चढतो. दुसरीत रक्त बाटलीत घालून ऊबेला ठेवायचं. जंतू असले तर ते बाटलीतल्या खुराकावर वाढतात आणि मशीन तसं सांगतं. सीआरपी दहाच्या आत हवा, तो सोळा आला होता. पण नुसत्या बाळंतपणाच्या ताणानेही तो तेवढा चढतो. आकडा असा ना धड इकडचा ना धड तिकडचा निघाल्यामुळे सगळा भार बाटलीवर आला होता.

त्या बाटलीत किती रक्त आहे, हे मात्र एकट्या सिस्टरला ठाऊक होतं. निदान तिला तसं वाटत होतं.

या वॉर्डात तिला एकोणीस वर्षं झाली होती. तिचा हात हलका, असं सगळे म्हणत. सुई टोचलेली बाळाला कळतसुद्धा नाही म्हणे. तिची ड्यूटी कधी आहे ते विचारून आयाबाया तपासण्या पुढे ढकलत, आणि तिला ते आवडायचं. ती काही देव नव्हती. त्यातलं अर्धं कौशल्य खरं होतं. उरलेलं अर्धं म्हणजे बाळ रडून लाल झालं आणि आईचा चेहरा पडला, की ती सुई बाहेर काढायची. बाटलीत एक मिली जायला हवं. परवा आईने “पुरे ना आता” म्हटलं तेव्हा जेमतेम पाव मिली भरलं होतं. सिस्टरने तेच बाटलीत घातलं आणि फॉर्मवर एक मिली लिहिलं.

इतक्याशा रक्तात जंतू सापडला तर सापडला. नाही सापडला तर जंतू नाहीतच, असं कुणी म्हणू नये.

पाळण्याशेजारी आईने पिशवी भरून ठेवली होती. नवरा गाडी आणायला गेला होता. मुलीच्या अंगात घरचं झबलं होतं, बाह्या हातभर लांब. सकाळपासून ती दूध जरा कमी ओढतेय, झोपाळू आहे, असं आई हसत सांगत होती. शांत मुलगी आहे, बापावर गेलीय.

सिस्टरचं हसू अर्ध्यावरच राहिलं; रक्तात जंतू असले की बाळं अशीच मंदावतात. ती डॉक्टरांच्या मागे गेली. डॉक्टर तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान होत्या. नोकरीला लागल्या तेव्हा शीर कशी शोधायची ते त्यांनी तिच्याकडूनच शिकून घेतलं होतं.

“डॉक्टर, डोस बंद करू नका. त्या बाटलीत रक्त कमी होतं.”

“कमी म्हणजे?”

“पाव मिली. तेवढंही नसेल.”

डॉक्टरांनी फाइल पुन्हा उघडून फॉर्म पाहिला. तिथे सिस्टरच्या वळणदार अक्षरात एकाचा आकडा होता. त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर सिस्टरला बरं वाटलं असतं. डोस चालू ठेवा, पण त्याआधी पुन्हा रक्त घ्या, असं त्या म्हणाल्या. औषध अंगात गेल्यावर बाटली आता खरं बोलेलच असं नाही, तरी पूर्ण एक मिली पाठवा; सीआरपी लगेच करायला सांगा. आईलाही तुम्हीच सांगा. मग जाता जाता थांबून त्यांनी विचारलं, “याआधी किती बाळांचं असं झालंय?”

सिस्टरने ते कधी मोजलंच नव्हतं.

आईला सांगताना तिने काहीही लपवलं नाही. आधी आईला कळेचना. मग तिने पिशवीचा बंद घट्ट धरला.

“मीच म्हटलं होतं ना, पुरे म्हणून.”

पळवाट समोर आयती उघडी होती. क्षणभर सिस्टरला तिचा मोह झाला, आणि त्या मोहाची तिला भयंकर लाज वाटली.

“तू आई आहेस, तू म्हणणारच. थांबायचं की नाही ते माझ्या हातात होतं.”

“दुसऱ्या कुणाला बोलवा.”

दुसरी सिस्टर ऑपरेशन थिएटरमध्ये होती आणि अकरा वाजायला दहाच मिनिटं उरली होती. आईने घड्याळाकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. मग स्वतःच झबल्याची लांब बाही वर सारली आणि म्हणाली, तुम्हीच घ्या, मी इथून हलणार नाही.

सिस्टरने कोपराच्या लवणीत औषधाचा बोळा फिरवला, ते सुकेपर्यंत मनात आकडे मोजले आणि सुई घातली. मुलगी किंचाळली. आईने ओठ चावला आणि बाही तशीच वर धरून ठेवली. नळीत रक्त चढू लागलं. पाव मिलीच्या रेघेशी सिस्टरचा अंगठा सवयीने थबकला. तिने तो तिथून पुढे नेला. अर्धा. पाऊण. आणि मग तिच्या लक्षात आलं की रडणं केव्हाच थांबलंय. मुलगी ओठ चोखत छताकडे बघत होती. दुखायचं ते टोचताना दुखून गेलं होतं. इतकी वर्षं सिस्टर जो वेळ वाचवत आली, त्या वेळात बाळ रडतच नव्हतं. त्या वेळात फक्त आई तिच्याकडे बघत असायची.

बाटली आणि सीआरपीची नळी घेऊन ती स्वतः खाली लॅबमध्ये गेली. लॅबवाल्याला सगळे तराजू म्हणत. आलेली प्रत्येक बाटली काट्यावर ठेवून तो बाळाच्या नावापुढे वजन वहीत लिहायचा. चहाची पूडही हा तोलून घालतो, अशी त्याची थट्टा चालायची. आजही त्याने बाटली काट्यावर ठेवली. रिकाम्या बाटलीचं वजन त्याला पाठ होतं.

“पूर्ण आहे,” तो म्हणाला आणि तिच्याकडे न बघता दुसरी नळी सीआरपीच्या मशीनमध्ये लावली.

मशीन घरघरत होतं. ती स्टुलावर बसली, उठली, पुन्हा बसली. पडद्यावर आकडा आला: शेहेचाळीस. तराजूने तो दोनदा वाचला आणि डॉक्टरांना फोन लावला. पलीकडून काय सांगितलं ते तिलाही ऐकू आलं. मुलगी कुठेही जात नाही, औषध बदलतेय, मी खाली येतेय. मुलगी दुपारी गाडीत बसून गेली असती.

“परवाची बाटली तू तोलली होतीस,” ती म्हणाली.

“हो.”

“मग तुला माहीत होतं.”

“परवाचंच नाही, ताई. तुमच्या बाटल्या मला न तोलताही कळतात.”

“आणि तू गप्प बसलास.”

त्याने मशीन पुसायला घेतलं. ते स्वच्छच होतं. वजन मी वहीत लिहीत होतो, रिपोर्टवर नाही, असं तो म्हणाला. तुम्हाला बोललो असतो तर तुम्ही मला एक गोष्ट विचारली असती, आणि ती मला ऐकायची नव्हती. कोणती गोष्ट, ते तिने विचारलं नाही. डॉक्टरांचा प्रश्न तिच्या डोक्यात घण घालत होता. किती बाळांचं. वर कुणालाच ठाऊक नव्हतं, पण इथे सगळं लिहिलेलं होतं.

“त्या वह्या काढ,” ती म्हणाली. “मला सगळी नावं हवीत. डॉक्टरांना द्यायचीत.”

त्याने टेबलावरची वही तिच्यापुढे ठेवली. मग खाली वाकून तळाचा खण ओढला आणि कडा कुरतडलेली एक जुनी वही काढली. पान शोधायला त्याला वेळ लागला नाही. त्या ओळीवर त्याने बोट ठेवलं. त्याची मुलगी आता दुसरीत होती. मागच्या महिन्यात वाढदिवसाच्या गोळ्या वाटायला वॉर्डात आली होती. ती दीड दिवसाची असताना हा माणूस पाळण्याचा दांडा धरून, ताई थोडं कमी घ्या ना, असं म्हणाला होता, आणि सिस्टरने कमी घेतलं होतं.

सिस्टरने कोरा कागद ओढला.

“पहिलं नाव हिचं लिहा,” तो म्हणाला.