घागर महाराज आणि वरची मोटार

दर गुरुवारी शेळगावच्या शिवारातल्या बंद पोल्ट्रीत इतकी गर्दी व्हायची, की पोल्ट्री चालू असताना तितक्या कोंबड्यासुद्धा तिथं नव्हत्या. कोंबड्यांच्या जागी आता घागर महाराज बसत. खुराडी गेली होती, जाळी तशीच होती, आणि वासानं अजून जागा सोडली नव्हती. भक्त त्याला दिव्य गंध म्हणत आणि तोंडाला रुमाल लावत.

महाराजांचा चमत्कार बघायला सोपा होता. ते तांब्याच्या घागरीला डावा कान लावायचे आणि तुमच्या पाठीमागं लोक तुम्हाला काय म्हणतात, ते तुमच्या तोंडावर सांगायचे, आणि मग दक्षिणा घेऊन त्यावर उतारा द्यायचे. फाटकावर फ्लेक्स होता : 'जग तुम्हाला काय म्हणते? एक मिस कॉल द्या.' खाली मोबाईल नंबर. मिस कॉल दिला की रांगेत पाळी लागायची. आत जाताना फोन टोपलीत टाकायचा, कारण महाराजांच्या मते फोनच्या लहरींनी घागरीला मळमळ होते.

"आन् वैशाखात कानटोपी कशापायी घालत्यात महाराज?" एका म्हातारीनं विचारलं होतं.

"जगाची कुजबुज बाहेर सांडू नये म्हणून, माय," शिष्य म्हणाला. म्हातारीनं हात जोडले.

घागर चुकत नव्हती, हीच तर पंचाईत होती. चौकातल्या फ्लेक्सवर दादासाहेब 'कार्यसम्राट, आधारवड, युवकांचे आशास्थान' होते. घागरीत ते 'नुसता फोटोला' निघाले. बाहेर आल्यावर त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाबरोबरही फोटो काढला नाही. शेजारच्या दत्तोबाला घागर म्हणाली, "गाव तुला म्हणतं, 'उचलला की तास गेला'." दत्तोबा इतका दुखावला, की ही हकीकत त्यानं राजनंदिनीच्या ओट्यावर बसून तासभर सांगितली.

राजनंदिनी गावच्या हायस्कुलात गणित आणि विज्ञान शिकवायची. तिनं तास ऐकून घेतला आणि एवढंच विचारलं, "दत्तूकाका, लोक 'उचलला' असं का म्हणतील? तुमी काय पोतं हाय का?"

"घागरीला इचार," दत्तोबा रुसून म्हणाला.

तिला तेव्हा हसू आलं. पुढच्याच आठवड्यात ते हसू घागरीनं काढून घेतलं.

राजनंदिनीचं लग्न पिंपळीच्या ऋषिराजशी ठरलं होतं. मुलगा बारामतीच्या एमआयडीसीत कामाला, मितभाषी, चष्मेवाला. तिला तो आवडला होता, कारण बघायला आला तेव्हा त्यानं "स्वयंपाक येतो का" असं विचारलं नव्हतं. "नववीच्या पोरांना बीजगणित आवडतं का" असं विचारलं होतं. सुपारी फुटली, साड्या झाल्या, हॉल ठरला. आणि एका सकाळी ऋषिराजची आई शकुबाई यांचा फोन आला. राजनंदिनीच्या वडिलांनी, मानसिंग आबांनी, तो स्पीकरवर घेतला.

"मानसिंगराव, वाईट वाटून घिऊ नका. आमी घागरीला इचारलं."

"काय इचारलं?"

"तुमच्या लेकीचं. शिष्यानं तिचा नंबर मागितला, दिला. तिला चार गावं कटकट म्हणत्यात. डेंजर म्हणत्यात. माझ्या कानानं ऐकलं."

"तुमच्या कानानं, का महाराजांच्या?" राजनंदिनी मधेच म्हणाली.

पलीकडून शकुबाईंचा आवाज : "बघा, म्हंजी खरंच हाय. जरा थांबूया लग्नाचं."

संध्याकाळी तिनं ऋषिराजला फोन केला.

"मी आईला समजावतो," तो म्हणाला.

रात्री जेवणानंतर त्याचा फोन आला.

"समजावलं?"

"नाही. तिनं मला समजावलं."

"आणि तुम्हाला समजलं?"

"नाही. पण मी मान हलवली."

राजनंदिनी फोन ठेवून ओट्यावर येऊन बसली. कटकट. हा शब्द तिनं कुठंतरी पाहिला होता. ऐकला नव्हता, पाहिला होता. मग आठवलं. सतत गैरहजर राहणाऱ्या एका पोराच्या बापाला ती रस्त्यातच गाठून म्हणाली होती, तुमचा फोन लागत नाही. तो म्हणाला, लागतो की. तिनं तिथंच लावला. त्याच्या खिशातून फोन वाजला, त्यानं घाईनं काढला, आणि स्क्रीनवर ठसठशीत अक्षरं उमटली : 'कटकट शाळा'. बाप लाजला होता. पोरगं मात्र दुसऱ्या दिवसापासून शाळेत यायला लागलं.

आता घागरीला हे कसं कळलं? आणि घागरीनं त्यातली शाळा कुठं सांडली?

ती विचार करत राहिली, आणि तोवर आबांनी भलतंच केलं. लेकीला नाव ठेवलं म्हणून त्यांचा जीव जळत होता. गुरुवारी कुणाला न सांगता ते पोल्ट्रीत जाऊन आले. परतले ते छाती पुढं काढून. डोळे ओले, चाल मात्र पैलवानाची.

"राजू, मला लोक काय म्हणत्यात ठावं हाय का?"

"काय?"

"पाच घोडं!"

"कोण म्हणतं?"

"समदे! महाराजांनी कान लावला. लई वेळ ऐकलं. मग म्हणले, मानसिंगराव, लोक तुमाला 'वरची मोटार' म्हणत्यात. वरची म्हंजी, आत्मा वर चाललेला. मग म्हणले, 'पाच एचपी'. म्हंजी पाच घोड्यांचं बळ. मग म्हणले, 'जळकी'. मानसिंगराव, तुमी आतून जळताय." आबांनी छातीवर हात ठेवला. "व्हय की गं. जळतोयच की मी. लेकीचं लग्न मोडतंय. त्यांना कसं कळलं?"

"अजून काय म्हणाले?"

"'हवा धरती'. म्हंजी मागल्या जन्मी मी प्राणायाम करायचो."

आबांच्या चेहऱ्यावर असं तेज तिनं शेवटचं कधी पाहिलं होतं, तेही आठवेना. म्हणून पुढचा प्रश्न विचारताना तिला जरा जड गेलं.

"आबा, मिस कॉल कुठल्या सिमवरनं दिला?"

आबांनी फोन पुढं केला. आत दोन सिमं होती. एक आबांचं. दुसरं वरच्या विहिरीवरच्या मोटारीचं.

शेतकऱ्याला हे सांगायला नको, पण शहरातल्या वाचकासाठी सांगावं लागतं. हल्ली विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टर पेटीत सिम असतं. घरी बसून फोन लावला की मोटार चालू होते, बंद होते, आणि लाईट आहे का नाही ते स्वतःच्या तोंडानं सांगते. आबांची वरची मोटार महिन्यापूर्वी जळाली होती आणि वाइंडिंगला, म्हणजे आतली जळकी तार नव्यानं भरायला, इंदापूरला गेली होती. पेटीतल्या सिमचं रिचार्ज मात्र जिवंत होतं. रिचार्ज वाया जाऊ द्यायचं, हे शेळगावात कुणाच्या बापाला जमलेलं नाही. आबांनी ते सिम काढून आपल्या फोनात घातलं होतं, आणि महाराजांना मिस कॉल गेला तो नेमका त्यावरून.

राजनंदिनीच्या फोनात आणि शेजारच्या दत्तोबाच्याही फोनात तो नंबर 'वरची मोटार' म्हणून होता. तिनं फोन करून विचारलं, तर इंदापूरच्या वाइंडिंगवाल्याकडं 'मानसिंग पाच एचपी जळकी' म्हणून होता. वायरमनकडं 'हवा धरती शेळगाव' म्हणून, कारण ती मधेच पाण्याऐवजी हवा ओढायची. घागर खोटं बोलत नव्हती. फक्त ती मोटारीविषयी बोलत होती.

त्या रात्री राजनंदिनीनं एक ॲप शोधून काढलं. अशी ॲपं लोक हौसेनं घेतात, परवानगी मागितली की न वाचता 'होय' दाबतात, आणि ॲप त्यांच्या फोनातली सगळी नावं उचलून नेतं. मग कुठलाही नंबर टाका, त्या माणसाचं नाव किती फोनांत काय म्हणून लिहिलंय ते दिसतं. तिनं मुख्याध्यापकांना सांगून शाळेतला एक जुना फोन त्यासाठी वापरला, ज्यात एकही नंबर नव्हता. स्वतःचा नंबर टाकला.

'कटकट शाळा'. 'डेंजर मॅडम'. 'गणित बाई उचलू नको'. हे तिला अपेक्षित होतं. त्याच्या खाली होतं : 'पोराला सोडत न्हाईत त्या मॅडम'. 'मॅडम चांगल्या'. 'ज्यांनी मोनाचं लग्न थांबवलं'.

मोना नववीतली मुलगी. राजनंदिनी तिच्या घरी रोज जाऊन बसली होती, मुलगी दहावी होईपर्यंत उठणार नाही म्हणाली होती. कटकटच होती ती. घागरीनं नेमक्या याच ओळी ऐकल्या नव्हत्या. घागर चांगलं ऐकायची नाही; चांगलं ऐकून कुणी उतारा करून घेत नाही.

पुढच्या गुरुवारी तिनं शकुबाईंना आणि ऋषिराजला बोलावून घेतलं. "तुमच्या समोर घागरीपुढं बसते," म्हणाली. शकुबाई खूश झाल्या. आबांनी ट्रॅक्टर काढला. ट्रॉलीत ताडपत्रीखाली काहीतरी होतं.

पोल्ट्री गच्च भरली होती. महाराज घागर पोटाशी धरून बसले होते.

"महाराज," राजनंदिनी हात जोडून म्हणाली, "माझ्या वडिलांना तुम्ही जे सांगितलं, ते गावासमोर एकदा सांगा. लोकांचा विश्वास वाढेल."

महाराजांना स्तुतीची परीक्षा कधीच पास करता आली नव्हती. त्यांनी कान लावला, डोळे मिटले. "वरची मोटार! पाच एचपी! जळकी! हवा धरती! अशी माणसं हजार वर्षांत एकदा..."

"आणि इंदापुरात वाइंडिंग करून साडेतीन हजारांत परत," राजनंदिनी म्हणाली. "आणा रं!"

चौघांनी ट्रॉलीवरून मोटार उतरवून महाराजांपुढं ठेवली. आबांनी तिला हळदीकुंकू लावलं होतं, हार घातला होता. सवय. शेजारी स्टार्टर पेटी, तिची छोटी बॅटरी चालू, आत तेच सिम.

"ही वरची मोटार. हीच पाच एचपी. हीच जळली होती. आबा नाही, ही. तिच्या सिमवरून मिस कॉल गेला आणि महाराजांनी तिचा आत्मा वाचला." मग ती वळली. "काकू, टोपलीतला तुमचा फोन घ्या. हा नंबर लावा. स्पीकरवर."

शकुबाईंनी लावला. दोनदा वाजलं, आणि मग एक बाई गोड, धातूच्या आवाजात म्हणाली : "नमस्कार. मोटार बंद आहे. लाईट नाही."

पहिला दत्तोबा हसला. मग सगळी पोल्ट्री फडफडली.

"घागर रुसली!" महाराज ओरडले. "यंत्राचा इटाळ झाला!"

"मग उजवा कान लावून बघा," राजनंदिनी म्हणाली. "घागर तीच, कान दुसरा."

महाराजांनी घागर घट्ट धरली. शकुबाई पुढं झाल्या. त्यांना कुणाच्या अंगाला हात लावायची सवय नव्हती, पण उत्तर न देणाऱ्याची त्यांना चीड होती. त्यांनी कानटोपी उपसली. डाव्या कानातून पांढरं, शेंगदाण्याएवढं बिनवायरचं यंत्र सुटलं, घरंगळत दत्तोबाच्या पायाशी गेलं आणि तिथं बारीक आवाजात बोलत राहिलं : "हॅलो, म्हाराज? ऐकू येतंय का?"

तेव्हा ऋषिराज, ज्यानं आत्तापर्यंत फक्त मान हलवली होती, उठला आणि मागचा पोत्यांचा पडदा ओढला. मागं शिष्य बसला होता. एका हातात फोन, फोनमध्ये ते ॲप, दुसऱ्या हातात भडंग.

राजनंदिनीनं मग सगळं उलगडून सांगितलं. मिस कॉल दिला की तुमचा नंबर यांना मिळतो. शिष्य तो ॲपमध्ये टाकतो. तुमच्या गावानं तुम्हाला फोनात काय म्हणून ठेवलंय ते यांच्या कानात वाचतो. चांगलं गाळतो, झोंबणारं ठेवतो. "आता एक नंबर राहिला," ती म्हणाली आणि फ्लेक्सवरचा नंबर शाळेच्या फोनात टाकून वाचायला लागली : "'संभाजी स्क्रीनगार्ड भिगवण'. 'संभाजी कव्हर'. 'फोन दुरुस्तीला नेला आणला न्हाय'. 'संभाजी महाराज झाला म्हणं'."

महाराज ऊर्फ संभाजी स्क्रीनगार्ड यांनी घागर खाली ठेवली. जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार त्याच दुपारी झाली. तक्रारीवर पहिली सही दादासाहेबांची होती, आणि सही करतानाचा त्यांनी फोटोही काढून घेतला.

जायच्या आधी राजनंदिनी लोकांपुढं उभी राहिली. भाषणाची तिला सवय नव्हती, वर्गाची होती. "बसा खाली," ती म्हणाली, आणि सगळे बसले. "चमत्कार दिसला की दोनच प्रश्न विचारा. हे याला दुसऱ्या कुठल्या वाटेनं कळू शकतं का? आणि ती वाट मी स्वतःच त्याच्या हातात दिली का? घागरीला कान नसतो. कान माणसाला असतो. लोक आपल्याला काय म्हणतात ते कळून घ्यायचं असेल तर शेजाऱ्याला विचारा. तो तोंडावर सांगेल तेव्हा त्याला का म्हणतोस तेही विचारता येतं. घागरीला विचारता येत नाही, म्हणून तर ती इतकी आवडते आपल्याला."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दत्तोबानं मात्र शेजारच्याला हळूच विचारलं, "खरंच तास जातो का रं?" शेजारी म्हणाला, "सव्वा." आणि दोघं बोलत बसले.

शकुबाई अजून मोटारीपाशी उभ्या होत्या.

"पोरी, त्यात माझा नंबर टाक की."

"काकू, राहू द्या."

"टाक म्हणते न्हवं."

तिनं टाकला, आणि न वाचता फोन त्यांच्या हातात दिला. शकुबाईंनी चष्मा लावला. ओठ हलवत वाचलं. एकदा वाचलं, परत वर गेल्या, परत वाचलं. मग फोन परत केला.

"काय आहे, आई?" ऋषिराजनं विचारलं.

"'कटकट पिंपळी'," शकुबाई म्हणाल्या. मग लेकाकडं वळल्या. "एका घरात दोन कटकटी. तुझं कसं व्हायचं रं?"

ऋषिराजनं मान हलवली नाही. "होईल नीट," तो म्हणाला. "माझ्या फोनात ती अजून 'स्थळ सात शेळगाव' आहे. तेवढं बदलतो."

"सात?" राजनंदिनी म्हणाली.

"आधी हॉलवाल्याला फोन लावा," शकुबाई म्हणाल्या. "सहांचं मागनं बघू."

गावातल्या एका पोरानं ट्रॅक्टर धरला आणि ट्रॉली परत निघाली. आबा मोटारीशेजारी हार सावरत बसले होते. लग्न जमलं होतं, पण चेहऱ्यावरचं तेज उतरलं होतं. शेवटी म्हणाले, "म्हंजी राजू, ते घोडं... मोटारीचंच व्हतं."

"व्हय आबा."

"बरं."

राजनंदिनीनं फोन काढला, 'आबा' हे नाव उघडलं, खोडलं, नवं लिहिलं आणि त्यांना कॉल लावला. ट्रॅक्टरच्या आवाजात तिनं आपली स्क्रीन त्यांच्या डोळ्यांपुढं धरली. आबांनी डोळे बारीक केले आणि अक्षरं जुळवत वाचलं : 'पाच घोडे'.

दुसऱ्या दिवशी मोटार विहिरीवर बसली. हवा अजून धरते.