दोन बाजूंचे कुंपण

मित्रांनो, वर्गात शिरल्यावर तुमची नजर ज्याच्यावर सगळ्यात आधी जाते आणि तास सुरू झाला की ज्याच्यावरून सगळ्यात आधी उडते, तो मी. एका सरकारी शाळेतला जुना फळा. सुताराने दोन फळ्या जोडून मला घडवले, काळ्या रंगाचे दोन हात दिले आणि चौथीच्या वर्गात भिंतीला ठोकले. त्या जोडाची एक रेघ माझ्या पोटावर कायमची राहिली आहे. तिथे पोहोचला की भल्याभल्यांचा खडू ठेचकाळतो.

तरुणपणी माझा थाट काही औरच होता. शिपाईमामा रोज सकाळी ओल्या फडक्याने मला पुसायचे, आणि आलेले पाहुणे "फळा मात्र छान ठेवलाय हं!" असे म्हणायचे. पुढे कौतुक आटले. रंग मधोमध उडाला, कडा चकाकू लागल्या आणि खिडकीकडच्या बाकांवरून निम्मी अक्षरे दिसेनाशी झाली. माझ्या खिळ्याला कुणीतरी छत्री अडकवली, ती वर्षभर तशीच लोंबत राहिली.

अशातच, वर्ष अर्धे सरले असताना, नव्या बाई आल्या. आधीचे गुरुजी निवृत्त झाले होते. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, वर्गाच्या दारातच स्पष्ट सांगितले, "तीन महिने बघू. मग एक दिवस मी मागच्या बाकावर येऊन बसेन. तुम्ही इथं राहायचं की नाही, ते त्या तासावर ठरेल."

नव्या बाईंनी मान डोलावली. हातातल्या खडूचे मात्र त्यांनी नकळत तीन तुकडे केले होते.

पहिल्याच तासाला स्वतःचे नाव सांगताना त्यांचा आवाज चिरकला आणि एक्केचाळीस मुले खो खो हसली. मुलांच्या मनात काही नव्हते, ती दुसऱ्या मिनिटाला विसरलीसुद्धा. बाई विसरल्या नाहीत. त्या गर्रकन माझ्याकडे वळल्या आणि लिहू लागल्या. तेव्हापासून त्यांची पाठ वर्गाकडे आणि तोंड माझ्याकडे. या काठापासून त्या काठापर्यंत लिहायचे, पुसायचे, पुन्हा लिहायचे. मुले मुकाट्याने उतरवून घ्यायची.

खोटे कशाला बोलू? मी हुरळून गेलो. इतके देखणे अक्षर माझ्या अंगावर कधी उमटले नव्हते. शेजारच्या वर्गाचे सर एकदा दारातून म्हणाले, "बाई, तुमच्याकडे टाचणी पडली तरी ऐकू येते हो! आमच्याकडे नुसता बाजार." बाई कशाबशा हसल्या. त्यांना लागलेली धाप फक्त मला ऐकू येत होती. रोज तास संपेपर्यंत त्यांचा जीव मुठीत असायचा.

मग तो गणिताचा तास आला. बाईंनी माझ्यावर लिहिले, 'एक बाग ४० मीटर लांब व २५ मीटर रुंद आहे. तिला चहूबाजूंनी तारेचे कुंपण घालायचे आहे. तार किती लागेल?' खाली भरभर उत्तर लिहिले, '४० + २५ = ६५ मीटर.' मला तिथल्या तिथे ओरडावेसे वाटले. पण लाकडाला कुठले तोंड! मुलांनी उतरवून घेतले आणि घंटा झाली.

शाळा सुटल्यावर बाई वह्या तपासायला बसल्या. ६५, बरोबर. ६५, बरोबर. लाल पेन सरसर चालले होते. त्यांना खटकले ते फक्त एका वहीत. ती वही शेवटच्या बाकावरच्या, अगदी हळू आवाजात बोलणाऱ्या मुलीची. तिला सगळे हळूबाई म्हणत. तिने उत्तराशेजारी बाग काढली होती. बागेला कुंपण दोनच बाजूंना, आणि उघड्या बाजूने एक बकरी मजेत आत शिरत होती.

"माझ्या तासाला चित्रं काढते!" बाई पुटपुटल्या. पेन उचलले आणि तसेच हवेत राहिले. त्यांनी बकरीकडे पाहिले, मग माझ्याकडे. गणित अजून माझ्यावरच होते. त्यांच्या तोंडचे पाणी पळाले.

कारण मोठ्या बाई दुसऱ्याच दिवशी येऊन बसणार होत्या. त्यासाठी अपूर्णांकांचा पाठ बाईंनी पंधरा दिवस घोकला होता. त्यांनी डस्टर घेऊन मला खसाखसा पुसले. मीही भित्राच. मला वाटले, सुटलो! आता उद्या अपूर्णांक शिकवा, नोकरी वाचवा आणि हे नंतर गुपचूप निस्तरा. पण बाई त्या एक्केचाळीस वह्यांकडे बघत बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाई मागच्या बाकावर बसल्या आणि टिपणाची वही उघडली. नव्या बाईंनी माझ्यावर बाग काढली, दोन बाजूंचे कुंपण काढले आणि एक बकरी काढली. ती कुत्र्यासारखी दिसत होती. मग त्या वर्गाकडे वळल्या.

"काल मी फळ्यावर चूक केली," त्या म्हणाल्या. आवाज चिरकलाच. दोघे-तिघे हसले. या वेळी बाई वळल्या नाहीत. "ती तुम्ही सगळ्यांनी उतरवून घेतलीत. सांगा बरं, ही बकरी आत कशी आली?"

मुले बकरीकडे निरखून बघू लागली. मग अगदी मागून हळूबाईचा आवाज आला, "दोन बाजू उघड्याच आहेत, बाई."

"तुला कालच कळलं होतं. मग बोलली का नाहीस?"

हळूबाईने खाली पाहिले. "तुम्ही वळलाच नाहीत."

नव्या बाईंचे डोळे भरून आले. मलाही फार लागले ते. तीन महिने ज्या लिखाणावर मी मिरवत होतो, त्यामागे ही पोर गप्प बसली होती. पण तेवढ्यात एक जण ओरडला, "अजून पासष्ट लागेल!" दुसऱ्याने बकरीला शिंगे काढायला सांगितली, आणि वर्गाचा पार बाजार झाला. उत्तर १३० आले, तेही मुलांनीच सांगितले.

तास संपल्यावर मोठ्या बाई पुढे आल्या. "कालची चूक मला कधी कळलीही नसती. मग माझ्यासमोर कशाला सांगितलीत?"

"एक्केचाळीस वह्यांत गेली होती, बाई. मी एकटीनं फळा पुसून काय झालं असतं?"

मोठ्या बाईंनी टिपणाची वही मिटली. मग म्हणाल्या, "वेळापत्रकात तुमचं नाव आतापर्यंत पेन्सिलीनं होतं. आज पेनानं लिहायला सांगते."

नव्या बाई आजही घाबरतात. पण दर दोन ओळींनंतर मागे वळून बघतात. माझ्यावर लिखाण कमी झाले आहे. त्याची मला खंत नाही.

मित्रांनो, जमले तर मला रंगाचा एक हात द्या, ओल्या फडक्याने पुसा. पण त्याहून मोठी विनंती वेगळीच आहे. माझ्यावर लिहिले म्हणून ते खरे, असे धरून चालू नका. बरोबर आणि चूक, दोन्ही मी सारख्याच इमानाने सांभाळतो. तोंड तुम्हाला आहे. शिकवणाऱ्याची पाठ तुमच्याकडे असली, तरी हाक मारा.