एकूण वेळ

"तो शेवटचा रकाना काढून टाक," खुर्चीमागे उभे असलेले साहेब म्हणाले.

"कुठला, साहेब?"

"जास्त भोळा होऊ नकोस. एकूण वेळ."

गावाला पाणी सोडणाऱ्या व्हॉल्ववाल्यानं पडद्याकडे पाहिलं. पंपघरातल्या जुन्या संगणकावर त्यानं बनवलेलं पान उघडं होतं. वस्ती, पाणी सोडलं, बंद केलं, एकूण वेळ. वेबपानाचा तयार सांगाडा देणारं, एका फाइलीत मावणारं हलकं फ्रेमवर्क, फुकटचे धडे, दोन बोटांचं टायपिंग, तीन महिने. कोडच्या पहिल्या सात ओळींनी ब्राउझरवर 'नमस्कार' उमटवला, तेव्हा पन्नाशीचा हा माणूस एकटाच हसला होता.

पाणी कधी येणार ते बायकांना फोनवर दिसावं, एवढाच हेतू. वजाबाकी धड्यात होती म्हणून केली. जमतंय का बघत होता.

जमलं. टेकडीवरचे बंगले, चार तास दहा मिनिटं. खालच्या गल्ल्या, चाळीस मिनिटं. रोज.

साहेब टेकडीवर राहतात. हा खालच्या गल्लीत.

काल जेवताना बायकोनं फोन ताटाशेजारी ठेवला. "हे खरंय?"

"खरंय. वेळापत्रक वरून येतं."

"ते उंटावरून शेळ्या हाकणारच. बावीस वर्षं व्हॉल्वचं चाक कोण फिरवतंय?"

तो ताट घेऊन उठला.

"नाहीतर असं कर," साहेबांचा आवाज मऊ झाला, "सगळ्यांपुढे दोन-दोन तास लिही. पानही राहील, नोकरीही राहील. सत्कार करू तुझा."

त्यानं फाइल उघडली. एक्केचाळीस ओळी, एकेक तोंडपाठ. खोटं बोलायला त्यातली एकच बदलावी लागणार होती. त्यानं सगळ्या निवडल्या आणि पुसल्या.

"अरे, सगळंच?"

"सत्कार नको, साहेब."

साहेब तणतणत गेले. खालच्या गल्ल्यांची वेळ झाली होती. अंगणात जाऊन त्यानं चाक फिरवून पाणी सोडलं आणि कट्ट्यावर बसून राहिला.

चाळीस मिनिटं झाली. बघायला कुणी नव्हतं. पण आत्ता बंद केलं नाही, तर टेकडीची टाकी भरणार नाही आणि उद्या या चाकावर दुसराच कुणी असेल. खाली रांगेत बायको अर्ध्या बादलीशी उभी असणार.

तो उठला. दोन्ही हातांनी चाक धरलं आणि घट्ट बंद होईपर्यंत फिरवत राहिला.