दोघांची रेंज

लिंबू फुटल्याचा आवाज आला — पचकन, ओला, एवढासा — आणि आदिनाथला वाटलं, इतक्या गाड्या घेतल्या, प्रत्येकीच्या चाकाखाली लिंबू ठेवलं गेलं, पण लिंबू फुटताना असा आवाज होतो हे आपल्याला आजच कळतंय. आधीच्या गाड्या घरघरायच्या, त्यात लिंबाचं काय ऐकू येणार... ही मात्र मुकी. पोर्चमधून फाटकापर्यंत आली तीसुद्धा कुणी मागून हळूच लोटल्यासारखी. मागे फरशीवर पिवळी चपटी चकती आणि बियांचा चिकट ओघळ तेवढा राहिला. दोन टनांची गाडी, त्यात पाव हिस्सा नुसती बॅटरी. तिच्याखाली लिंबाचं दुसरं काय होणार होतं? तो उतरला, चाकाच्या खाचेत अडकलेली साल नखाने काढली आणि बोटं रुमालाला पुसली. वास गेला नाही.

शालू अजून आत होती. देवापुढे उभी असेल. लिंबू तिनेच ठेवलं होतं, आणि कुंकवाचं स्वस्तिक तिने बॉनेटवर न काढता चार्जिंगच्या झाकणावर काढलं होतं — पाडव्याला गाडी आली तेव्हाही तिथेच काढलं होतं. ही जेवते तिथूनच, म्हणाली होती. लाल रंगावर लाल कुंकू, दिसतही नव्हतं. शोरूमचा पोरगा हसला होता आणि आदिनाथही हसला होता, त्याच्याबरोबर, तिच्या देखत.

दोनच सीटं. पंचावन्नाव्या वर्षी, जालन्यात, बियाण्याचा प्लांट चालवणाऱ्या माणसाने टप उघडणारी, विजेवर चालणारी, दोन सीटांची लाल गाडी घेतली म्हटल्यावर एमआयडीसीत लोक बोलणारच. हौसेला मोल नाही, म्हणाले. पुण्याहून अर्पिताने फोनवर विचारलं, बाबा, दोनच सीटं का? तेव्हा तो सहज बोलून गेला, की आता आम्ही दोघंच तर आहोत घरात. शालू मागे भाजी निवडत होती. ते वाक्य तिने उचललं आणि पदराला बांधून ठेवलं. त्याला खरं तर दोन सीटांचीही गरज नव्हती. एक सीट असलेली मिळाली असती तर त्याने ती घेतली असती... दुसरी बाई नव्हती, कुणी नव्हतं. शेजारच्या सीटवर तो बॅग ठेवायचा आणि सकाळच्या वेळी देऊळगावच्या रस्त्याला एकटाच जाऊन यायचा. शेजारी कुणी नाही, बोलणं नाही, इंजिनाचासुद्धा आवाज नाही. एवढंच हवं होतं. हे बायकोला कोणत्या तोंडाने सांगायचं?

म्हणून रेंज सांगितली.

पाडव्याच्याच संध्याकाळी ती म्हणाली होती, औंदा अधिक महिना हाय, मंठ्याला धोंड्याला हिच्यातच जाऊ. गेल्या धोंड्याला तो प्लांटचं कारण सांगून गेला नव्हता, त्याच्या आधीच्या वेळी लॉकडाऊन. म्हणजे किती वर्षं झाली, जावई-लेकीची जोडी माहेरच्या उंबऱ्यावर उभी राहिलीच नव्हती. ती मोठ्या गाडीतून ड्रायव्हरबरोबर जायची आणि एकटीच ओवाळून घ्यायची. या वेळी तिला त्याच्या शेजारी बसून जायचं होतं, त्याच्या शेजारून उतरायचं होतं. एवढंच मागणं. सोनं नाही, नाणं नाही. आणि तो चार्जरची गन झाकणात खुपसत, तिच्याकडे न बघता म्हणाला, "दोघं बसलो तर रेंज पुरत न्हाई."

"एका माणसानं असा किती फरक पडतो?"

"माणूस केवढं हाय त्याच्यावर."

हे कसं सुचलं कुणास ठाऊक. जीभच बोलली. फरक पडतो दोन-चार किलोमीटरचा, तोही पडला तर. साठेक किलोमीटरवरचं मंठा, आणि गाडी साडेचारशे जाते. ती म्हणेल, चला, काहीतरीच... असं त्याला वाटलं होतं. उलट तिने मान हलवली, "बराबर" म्हणाली आणि आत गेली. बाकीच्या गोष्टीही तिने तशाच ऐकल्या होत्या. गाडी चार्ज होताना गिझर लावू नको म्हटलं तर गॅसवर पाणी तापवायला लागली. धूळ जाते म्हटलं तर गनवर जुन्या साडीचा तुकडा पांघरायला लागली. संध्याकाळी दावणीच्या गाईजवळ बसावं तशी पोर्चच्या पायरीवर बसायची, गाडी भरेपर्यंत.

मग तिचं जेवण कमी झालं. आधी रात्रीचा भात गेला, मग रात्रच गेली. सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी... बायकांचे उपवास कोण मोजतं? अधिक लागल्यावर एकभुक्त. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच, असं तो गमतीने म्हणाला, तेव्हा ती हसली आणि तिची गालफडं वर आलेली त्याला दिसली. तरी त्याने मनावर घेतलं नाही. खरं काय ते कळलं शिवाजीकडून. शिवाजी मोठ्या गाडीचा ड्रायव्हर, बोलायला घाबरणारा माणूस. तो म्हणाला, बाई दर शनिवारी प्लांटवर येऊन राह्यल्या साहेब, तुमी मीटिंगला असता तव्हा. बियाण्याची पोती मोजायच्या काट्यावर उभ्या राहतात. चप्पल काढून. काट्यावरच्या माणसाला विचारतात, अजून किती उतरलं म्हंजे दोघं जाता येईल?

तेव्हा त्याला काय वाटलं होतं? लाज वाटायला हवी होती, आणि ती वाटेल म्हणून तो केबिनमध्ये दार लावून थोडा वेळ बसलाही. पण जे वर आलं ते वेगळंच होतं. बरं वाटलं. छातीत ऊबदार, गोड असं काहीतरी पसरत गेलं... आपण एक वाक्य बोललो आणि एक अख्खं माणूस त्या वाक्यापायी पोत्यासारखं काट्यावर चढून उभं राहतंय, आठवडेच्या आठवडे, तक्रार न करता. तीन सेकंदांत शंभरचा वेग गाठणाऱ्या गाडीनेही त्याला एवढा जोर असल्यासारखं वाटलं नव्हतं. घरी जाऊन खरं सांगायला अर्धं मिनिट पुरलं असतं. त्याने सांगितलं नाही. रोज सांगितलं नाही. उलट रात्री ताटावर बसलं की तिच्या रिकाम्या जागेकडे बघायचं, आणि आज सांगू, असं स्वतःला म्हणून दुसरी पोळी घ्यायची. गेल्या शनिवारी तीच म्हणाली, आता पुरंल, आणि तो हो म्हणून बसला.

शालू बाहेर आली. ब्लाउज बगलेत दुमडून पिना लावलेला. हातात पाटल्या नव्हत्या, गळ्यात नुसतं मंगळसूत्र. वहिनीची साडी, आईसाठीचं सामान, सगळं काल शिवाजीबरोबर पुढे पाठवलेलं. पाण्याची बाटलीसुद्धा घेतली नव्हती. ही एवढी खालची सीट, गुडघ्यामुळे तुला बसता येणार नाही, हे त्याने राखून ठेवलेलं दुसरं कारण होतं. पण ती अलगद वाकली आणि बसली. सीटने दबल्याचं दाखवलंही नाही.

स्क्रीनवर ठळक आकडा होता. चारशे बावन्न. चोराच्या मनात चांदणं — त्याने पटकन बोट लावून गाण्यांची यादी पुढे आणली.

"किती दाखवून राह्यलं होतं?" तिने विचारलं.

तो आकडा खरा नसतो, असं त्याने समजावलं. ऊन असतं, चढ असतो, एसी असतो. आणि बोललोच आहोत तर खरं करावं म्हणून एसी बंद केला आणि टप उघडला. मे महिना संपत आलेला, सकाळीच डोकं तापवणारं ऊन. लोखंडाच्या कारखान्यांच्या बाजूने येणारी काळी धूळ तिच्या कपाळावर बसत गेली. तिने पदर डोक्यावरून घेतला, कानामागे खोचला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले... जुन्या एम-एटी स्कूटरवर अशीच बसायची. लग्नानंतरची वर्षं. मांडीवर सरकीचं पोतं, एक हात त्याच्या खांद्यावर. चढ आला की खाली उतरायची आणि पोतं घेऊन मागून चालत यायची, गाडीला जड होतं म्हणून. तेव्हा खरंच जड होत होतं. ते आठवून त्याला रागच आला, तिचाच. एखाद्याने किती ऐकावं! एकदा तरी म्हण, की खोटं बोलताय. त्या जाडजूड रामेश्वरशेठला तू पाहिलंस या सीटवर बसताना, या दारातच, दोन माणसांनी हात धरून बसवला त्याला... संभाजीनगरच्या विमानतळापर्यंत नेऊन परत आणला. तेव्हा नाही विचारलंस, शेठचं वजन कसं चालतं?

रामनगर मागे पडलं. पुढे रस्ता सरळ, रिकामा. मी तिला घाबरवणार नव्हतो, असं तो नंतर स्वतःला सांगणार होता. पण त्याने बटण दाबून गाडी स्पोर्टवर घेतली आणि पाय पूर्ण दाबला तो घाबरवायलाच. आवाज नाही, काही नाही. नुसता मागून बसलेला तडाखा. मान सीटला आदळली, पोट आत ओढलं गेलं. तिचा पदर उडाला, हात हवेत काहीतरी धरायला गेले. ओरड, तो मनात म्हणत होता, आता तरी ओरड, थांबवा म्हण.

गाडी सावकाश झाली. तिचे डोळे मिटलेले होते, ओठ कोरडे. मग ती हसायला लागली. लहान मुलीसारखी, पोट धरून, घामेजलेली, काळवंडलेली. "अजून एकदा," ती म्हणाली, आणि लगेच हात आडवा करत, "नको, नको. पुरायचं न्हाई."

वाटूर फाट्यावर त्याने चहा घेतला. तिने घेतला नाही.

मंठ्यात मेहुण्याच्या दारात सगळे उभेच होते. गाडीभोवती गल्ली जमली. उंबऱ्यावर जोडी शेजारी शेजारी उभी राहिली, पायावर पाणी पडलं, वहिनीने ओवाळलं, आणि त्या तबकाच्या उजेडात शालूचा चेहरा असा काही फुलला होता, की त्याला तिकडे बघवेना. साळूबाई, तिची आई, लेकीचा दंड चाचपत राहिली. शुगर झाली का गं तुला? अधिकाचे उपास हायेत, शालू म्हणाली.

दोघांना पाटावर बसवलं. पुरणाने भरलेले धोंडे आले, वरून तुपाची धार. त्या घराची रीत कडक होती, जावयाने ताटातलं धोंडं टाकायचं नाही. टाकलं तर वाण परत केल्यासारखं. शालूच्या ताटातही वाढलं होतं. तिने हात जोडले, सकाळी घरी एकदा झालं म्हणाली, एकभुक्त हाय. ते खोटं होतं. सकाळी ती काही खाताना त्याने पाहिली नव्हती.

"माहेरच्या धोंड्याला उपास नस्तो, बाई," साळूबाई म्हणाली.

"परत जायचं हाय ना आई. त्याच गाडीत."

कुणाला काही कळलं नाही. त्याला कळलं आणि घास तोंडातच फिरायला लागला. तेवढ्यात कल्याण, तिचा भाऊ, समोर मांडी घालून बसला आणि जो तो पहिल्यांदा विचारतो तेच त्याने विचारलं. "दाजी, एका चार्जिंगमधी किती जाती हो?"

साधा प्रश्न. रोज दहा जण विचारत, आणि आदिनाथ छाती फुगवून सांगत असे. आता आठ-दहा चेहरे त्याच्याकडे वळले आणि त्याच्या तोंडात पुरण होतं. साडेचारशे म्हणावं तर ती शेजारी बसलीय. कमी सांगावं तर कल्याणच्या पोराने मघाशी स्क्रीनचे फोटो काढलेत. त्याने गिळलं. पाण्याचा तांब्या उचलला.

"चारशे बावन्न," शालू म्हणाली. शांतपणे, तुपाची वाटी पुढे ओढत. "घरून निघताना तेवढं होतं. आता तीनशे सत्तर हाय. मधी यांनी जरा पळवली म्हणून, न्हाईतर अजून ऱ्हायलं असतं."

"मंग तर दोनदा येऊन-जाऊन पुरंल की," कल्याण म्हणाला आणि सगळे कौतुकाने हसले.

ती पण हसली. आकडे तिला वाचता येत होते, येणारच, तिने बारा वर्षं प्लांटचे पगार काढले होते... हे आपण कसं विसरलो? की विसरलो नव्हतो, विसरून घेतलं होतं? आज कळलं तिला, की पाडव्यालाच कळलं होतं? रामेश्वरशेठ गाडीत बसला तेव्हा? आणि कळलं असेल तर मग तो काटा, ती चप्पल काढून उभी राहिलेली, ते रात्रीचं रिकामं ताट, ते सगळं कशासाठी, कुणाला दाखवायला? काट्यावरचा माणूस बघत होता. शिवाजी बघत होता. सगळा प्लांट बघत होता, आणि आपण एकटे दार लावून खूश होत बसलो होतो.

तिने आपल्या ताटातलं धोंडं उचललं आणि त्याच्या ताटात ठेवलं. मग दुसरं. वर तूप घातलं. बायका म्हणाल्या, बघा, अजूनही किती करते नवऱ्याचं.

"खा," ती म्हणाली. "परतीला भरपूर हाय."

त्याने तिच्याकडे पाहिलं. चेहरा रोजचाच होता, तोच ऐकणारा, मान हलवणारा, आणि त्यात राग शोधूनही सापडत नव्हता. सापडला असता तर बरं झालं असतं. दाराबाहेर ती लाल गाडी उन्हात उभी होती, तिची दोन्ही सीटं तापत होती, आणि साठ किलोमीटर त्याला आयुष्यात पहिल्यांदा फार वाटले. त्याने धोंडं फोडलं. बोटांना अजून लिंबाचा वास होता. ती बघत होती, म्हणून तो खात राहिला.